नांदेडचा लंगर आणि आपली पंगत



मैत्रिणींनो, नांदेडला आपण कशाला जातो? दवाखान्याला जातो, कोर्टकचेरीला जातो, नाहीतर लग्नाचा बस्ता बांधायला जातो. आमच्या बचत गटाच्या बैठकीत एकदा हीच गोष्ट निघाली. एक आजी म्हणाल्या, "मी नांदेड पन्नास वेळा पाह्यलं, पण गुरुद्वारा बाहेरूनच. आत गेले की लोक काय म्हणतील वाटायचं." असं वाटणाऱ्या त्या एकट्याच नव्हत्या. विचारपूस केली तर आमच्यातल्या निम्म्याजणी कधीच आत गेल्या नव्हत्या. मग ठरलं. यंदा धुळवडीला, होला महल्ल्याच्या दिवशी, आपण सगळ्यांनी मिळून जायचं. तिथलं गाणं ऐकायचं, तिथल्या पंगतीत जेवायचं, आणि हे लोक आपल्या गोदावरीच्या काठी कधी आले, कशाला आले, हेही समजून घ्यायचं.

तर आम्ही अकराजणी हिमायतनगरच्या स्टेशनवर गाडीत बसलो. हदगाव रोड, भोकर, मुदखेड करत गाडी निघाली. मुदखेडच्या पुढं मुगट लागतं. तिथं गाडीतल्या एका बाईनं खिडकीतून हात जोडले. आम्ही विचारलं, इथं कोणता देव? ती म्हणाली, "माता साहिब." या माता साहिब कोण, ते पुढं सांगतोच.

आधी गुरुद्वाऱ्यातलं सांगू. डोक्यावर पदर घेतला, चपला ठेवल्या, पाण्यात पाय बुडवून आत पाऊल टाकलं. पांढऱ्या दगडाची फरशी, वर सोन्याचा कळस, आणि सगळ्या आवारात एकच सूर. बाजाची पेटी, तबला आणि गाणारे रागी. गाणं संपतंय कधी आणि सुरू होतंय कधी, कळत नव्हतं. बाहेर निळ्या कपड्यांतले निहंग, सजवलेले घोडे, तलवारी आणि गतका खेळणारी पोरं. दुपारनंतर निशाण साहिब घेऊन मिरवणूक निघते, महावीर चौकाकडं जाते, अरदास होते आणि मग आरोळी ठोकून सगळा जमाव धावत सुटतो. त्याला हल्लाबोल म्हणतात. आम्ही एका दुकानाच्या पायरीवर चढून हे पाहिलं. आपल्याकडं धुळवडीला रंग असतो, इथं रंगाबरोबर लढाईचा सराव असतो. होळीच्या वेळी असा सराव घ्यायची प्रथा गुरू गोविंदसिंहांनी पंजाबातल्या आनंदपूरला अठराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला पाडली. तीच त्यांच्या मागं नांदेडला चालत आली.

पण पंजाबचे गुरू नांदेडला आलेच कसे? इथून आपला इतिहास सुरू होतो.

औरंगजेब बादशहा १७०७ साली वारला. त्याच्या मुलांत गादीसाठी लढाया झाल्या. बहादूरशहा बादशहा झाला, पण त्याचा धाकटा भाऊ कामबक्ष इकडं दख्खनेत ठाण मांडून होता. त्याच्यावर चालून जाण्यासाठी बहादूरशहा फौज घेऊन दक्षिणेत निघाला. त्या छावणीबरोबर गुरू गोविंदसिंहही होते. १७०८ साली ते नांदेडला पोचले आणि गोदावरीच्या काठी थांबले. बादशहा पुढं गेला, गुरू इथंच राहिले.

पाटण्याला १६६६ साली जन्मलेला हा माणूस तेव्हा फक्त एक्केचाळीस वर्षांचा होता. चारही मुलं गेलेली. दोन लढाईत पडलेली, दोन सरहिंदला भिंतीत चिणून मारलेली, असं परंपरा सांगते. आमच्यातल्या एकीचा तरणाताठा मुलगा दोन वर्षांपूर्वी गेला. हे ऐकताना तिनं पदर तोंडाला लावला. इतिहास म्हणजे राजांच्या लढाया, असं आपल्याला शाळेत शिकवलं. पण प्रत्येक लढाईच्या मागं कुणाचं तरी लेकरू असतं, हे बाईला सांगावं लागत नाही.

नांदेडला गोदावरीकाठी माधोदास नावाचा एक बैरागी मठ करून राहायचा. गुरूंची आणि त्याची भेट झाली. तो गुरूंचा बंदा झाला, म्हणजे सेवक, आणि त्याला बंदा सिंघ हे नाव मिळालं. गुरूंनी त्याला पंजाबात धाडलं. त्यानं १७१० साली सरहिंद जिंकलं आणि जमीनदारांच्या जमिनी कसणाऱ्यांना दिल्या. १७१६ साली दिल्लीत त्याला हाल करून मारलं. एका बैराग्यानं नांदेडहून निघून पंजाबचा नकाशा बदलला, आणि आपण नांदेडकर बंदाघाट म्हणताना त्या नावाचा विचारही करत नाही.

त्याच वर्षी नांदेडमध्ये एका पठाणानं गुरूंवर कट्यारीनं वार केला. जखम शिवली, पण ती पुन्हा उघडली. ७ ऑक्टोबर १७०८ रोजी गुरूंनी देह ठेवला. जाण्याआधी त्यांनी सांगितलं की, यापुढं माणूस गुरू होणार नाही, ग्रंथच गुरू. म्हणून जगातल्या कुठल्याही गुरुद्वाऱ्यात ज्या ग्रंथापुढं माथा टेकतात, त्याला गुरूची गादी मिळाली ती आपल्या नांदेडात. २००८ साली या गोष्टीला तीनशे वर्षं झाली, तेव्हा शहरात केवढी माणसं आली आणि रस्ते कसे रुंद झाले, ते तुमच्यातल्या पुष्कळजणींना आठवत असेल.

आता बायांकडं येऊ. गुरूंबरोबर दक्षिणेत दोन बाया आल्या होत्या, त्यांचं नाव आपल्याला ठाऊक नव्हतं.

एक माता साहिब देवां, गुरूंच्या पत्नी. त्यांना मूल नव्हतं. गुरूंनी त्यांना सगळ्या खालशाची आई म्हटलं. शीख म्हणून दीक्षा घेणारा आजही आईचं नाव विचारलं की त्यांचं नाव सांगतो. मुगटजवळ गोदावरीच्या काठी त्यांच्या नावाचा गुरुद्वारा आहे. त्या तिथं लंगर चालवायच्या, असं तिथले लोक सांगतात. गाडीतल्या बाईनं हात जोडले ते त्यांना. मूल नसलेल्या बाईला आपल्याकडं वाण द्यायला, ओटी भरायला मागं ठेवतात. इथं तिला लाखोंची आई केलं. आमच्या गटात अशी एक ताई आहे. ती काही बोलली नाही. परतताना मुगट आलं तेव्हा मात्र सगळ्यांच्या आधी तिनं हात जोडले.

दुसऱ्या माई भागो. पंजाबातल्या लढाईत चाळीस जण गुरूंना सोडून घरी परतले होते. माई भागोंनी त्यांना खडसावलं, स्वतः शस्त्र हातात घेतलं आणि त्यांना परत घेऊन आल्या. १७०५ साली मुक्तसरच्या लढाईत ते सगळे लढून मेले आणि माई भागो जखमी होऊन वाचल्या. पुढं त्या गुरूंबरोबर नांदेडला आल्या. तख्त साहिबच्या आवारातच त्यांची जागा आहे, माई भागोंचा बुंगा. गुरूंच्या मागं त्या बिदरजवळच्या जनवाडा गावी राहिल्या आणि तिथंच वारल्या. उदगीरकडच्या मैत्रिणींना बिदर काही लांब नाही. याच बिदरचे भाई साहिबसिंघ, न्हावी समाजाचे. १६९९ साली आनंदपूरला गुरूंनी मान मागितली तेव्हा उभ्या राहिलेल्या पाच जणांपैकी ते एक, पंज प्यारे म्हणतात त्यांतले. म्हणजे पंजाब आणि आपला मुलूख यांची सोयरीक नांदेडच्याही आधीची आहे.

यावर कुणी म्हणेल, ते सगळे बाहेरून आलेले. तर पुढचं ऐका. आजचं तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवलं. तेव्हा आपला मुलूख निजामाचा होता. त्याच सुमारास निजामाचे दिवाण चंदुलाल यांच्या काळात पंजाबातून शीख शिपाई हैदराबाद राज्यात नोकरीला आले. त्यांना लाहोरी फौज म्हणायचे. वसुली करायची, खजिना पोचवायचा, बंडखोरांना आवर घालायचा, ही त्यांची कामं. ते परत गेले नाहीत. हैदराबादेत, नांदेडात आणि आजूबाजूला त्यांनी घरं केली, लग्नं केली. त्यांच्या वंशजांना दखनी शीख म्हणतात. पुढं पोलीस कारवाई झाली, १९४८ साली निजामाचं राज्य संपलं, आणि १९५६ साली हैदराबाद राज्यानं नांदेडच्या गुरुद्वाऱ्यासाठी वेगळा कायदा केला. त्याच वर्षी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. या सगळ्या उलथापालथीत ती घरं इथंच होती, आपली होती तशीच.

लंगरच्या आवारात लसूण सोलायला बसलेल्या एका बाईनं आम्हाला हाक मारली, "या माय, बसा. कुठून आलाव?" आम्ही चकित. पंजाबी वेश, हातात कडं, आणि बोली आपली. आम्ही विचारलं, तुम्ही मूळच्या कुठल्या? ती हसली. "हितलीच. आजोबाच्या आजोबाला विचारलं असतं तर त्यानं लाहोर सांगितलं असतं. मला तर पंजाबी बोलताना पंजाबातल्या बाया हसतात." घरी काय खाता, असं आमच्यातल्या एकीनं विचारलं. "सकाळी ज्वारीची भाकर अन् ठेचा. रोटी हितं लंगरात." आम्हीही बसलो लसूण सोलायला. तासभर बसलो. तिच्या सुनेची तक्रार आणि आमच्या सुनांची तक्रार एकच निघाली.

आता लंगर. लंगर म्हणजे गुरूचं स्वयंपाकघर. ही प्रथा पहिल्या गुरूंची, गुरू नानकांची. तिसरे गुरू अमरदास यांनी नियमच केला की, आधी पंगतीत बसून जेवायचं आणि मगच भेटायला यायचं. अकबर बादशहा आला तेव्हा तोही खाली बसून जेवला, असं सांगतात. या गुरू अमरदासांनी सतीला आणि पडद्याला विरोध केला होता, तो सोळाव्या शतकात.

पण लंगर खरा उभा केला एका बाईनं. माता खीवी त्यांचं नाव, दुसऱ्या गुरूंच्या, गुरू अंगदांच्या पत्नी. त्या स्वतः राबायच्या आणि तुपातली खीर वाढायच्या. सत्ता आणि बलवंड या गायकांनी त्यांचं वर्णन केलं आणि ते गुरू ग्रंथ साहिबात घेतलं गेलं. ग्रंथात नाव आलेली गुरुपत्नी ही एकच. मैत्रिणींनो, बाईनं जन्मभर रांधलं तर त्याची नोंद कोण ठेवतं? किराण्याच्या वहीत नवऱ्याचं नाव, रेशनच्या कार्डावरही पूर्वी त्याचंच नाव. इथं एका बाईची खीर धर्मग्रंथात लिहिली गेली आणि चारशेहून जास्त वर्षं ती गायली जाते.

नांदेडला लंगर साहिब नावाचा वेगळा गुरुद्वारा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात पंजाबातून आलेल्या बाबा निधानसिंघांनी इथला लंगर वाढवला. तिथली चूल कधी थंड होत नाही. २०२० च्या टाळेबंदीत होल्यासाठी आलेले हजारो पंजाबी यात्रेकरू नांदेडात अडकून पडले होते, महिन्याभरानंतर बसगाड्यांनी ते घरी गेले. तेवढे दिवस त्यांना जेवू घालणाऱ्या याच चुली.

आम्ही पंगतीत बसलो. खाली लांबच लांब पट्ट्या, समोर स्टीलचं ताट. डाळ आली, भाजी आली, भात आला, खीर आली. रोटी वाढणारा ताटात टाकत नाही. दोन्ही हात पुढं करायचे आणि ओंजळीत घ्यायची. आमच्यातल्या एकीनं सवयीनं ताट पुढं सरकवलं, तर वाढणारा पोरगा हात जोडून म्हणाला, "मांजी, हात." एका बाजूला ट्रकवाला, एका बाजूला कॉलेजातल्या पोरी, समोर कुणी बंगलेवाली असावी, तिच्या शेजारी झाडूकाम करणारी बाई गणवेशातच बसलेली. वाढणारे बहुतेक पुरुष. मोठमोठ्या बादल्या घेऊन पळत होते. रोट्या लाटायला मात्र बायाच जास्त, हेही आम्ही पाहिलं.

आमच्या आजी, त्याच ज्या पन्नास वेळा बाहेरूनच परतल्या होत्या, त्यांनी घास हातात धरला आणि बराच वेळ तशाच बसल्या. आम्हाला वाटलं, दात दुखतोय. त्या म्हणाल्या, "मी बसून खायलेय अन् गडी वाढायलेत. असं माझ्या लग्नातसुद्धा झालं नाही गं." मग हळूच म्हणाल्या, "आमच्या लोकाला गावात शेवटी वाढायचे. तेही बाहेर, मांडवाच्या मागं. पत्रावळी घरून न्याव्या लागायच्या."

आम्ही सगळ्या गप्प झालो. कारण आमच्यातल्या काहींच्या घरची लग्नं होती ती. मांडव आमचा होता.

पंगत हा शब्द त्यांचाही आहे आणि आपलाही. मूळ एकच, पंक्ती. पंजाबात त्या शब्दाचा अर्थ झाला, कोण कुठला हे न विचारता एका ओळीत बसणं. आपल्या मराठीत मात्र त्याच शब्दापासून आणखी एक शब्द तयार झाला, पंक्तिप्रपंच. म्हणजे ओळ एकच, पण एकाला तुपाची धार आणि दुसऱ्याला नुसतं वरण. ज्या भाषेत यासाठी वेगळा शब्द लागतो, तिथं ती गोष्ट किती मुरलेली असेल!

आपल्याकडं कुणी हे मोडलं नाही का? मोडलं. पैठणच्या एकनाथ महाराजांनी श्राद्धाचं जेवण गावकुसाबाहेरच्यांना वाढलं, अशी कथा आपण कीर्तनात ऐकतो. वारकऱ्यांचा काला म्हणजे तेच. सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र करायच्या आणि एकमेकांच्या तोंडात घास द्यायचा. आपल्या वाढोण्याला, म्हणजे हिमायतनगरला, महाशिवरात्रीत परमेश्वराची यात्रा भरते, गावोगावी सप्ताह होतात, भजन होतं, महाप्रसाद होतो. गाणं आणि अन्न यांची जोड आपल्याला काही नवीन नाही. पण काल्याचं कीर्तन ऐकून डोळे पुसणारे आपणच दुसऱ्या दिवशी घरच्या कार्यात पंगती वेगळ्या करतो. एकनाथांची गोष्ट आपण ऐकली, पाळली नाही.

आता गाण्याबद्दल. गुरू ग्रंथ साहिब हा ग्रंथ वाचायचा तसा गायचाही आहे. त्यातली रचना ३१ मुख्य रागांनुसार लावलेली आहे. गुरू नानक गायचे तेव्हा भाई मरदाना रबाब वाजवायचे, ते मुसलमान होते. आज बहुतेक ठिकाणी पेटी आणि तबला दिसतो, पूर्वी रबाब, सारंदा, ताऊस अशी तंतुवाद्यं असायची. दरबारात बसून आम्ही ऐकत होतो. भाषा कळत नव्हती. तेवढ्यात एका शब्दात आम्हाला "नामा" ऐकू आलं. शेजारच्या बाईला विचारलं. ती म्हणाली, "भगत नामदेवजी. तुमचेच की!"

मैत्रिणींनो, आमच्या अंगावर काटा आला. नरसी नामदेव इथून किती लांब? हिंगोली जिल्ह्यातलं गाव. तिथले नामदेव, शिंपी समाजाचे, १२७० चा त्यांचा जन्म. ते उत्तरेत फिरले. पंजाबातल्या घुमान गावी त्यांचं मोठं स्थान आहे आणि २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथंच भरलं होतं. १६०४ साली पाचव्या गुरूंनी, गुरू अर्जनांनी ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा त्यात नामदेवांची ६१ पदं घेतली. त्यातल्या एका पदात नामदेव सांगतात की, जातीमुळं मला देवळातून उठवलं, मी मागं जाऊन बसलो आणि देऊळच माझ्याकडं फिरलं. औंढ्या नागनाथाला गेलात की पुजारी हीच गोष्ट सांगतात.

म्हणजे बघा, आपल्या मुलखातल्या देवळातून उठवलेल्या माणसाचं गाऱ्हाणं पंजाबात गेलं. तिथं त्याला ग्रंथात मानाची जागा मिळाली. शंभर वर्षांनी तो ग्रंथ गुरूंच्या छावणीबरोबर पुन्हा गोदावरीच्या काठी आला आणि इथं त्याला गुरूची गादी मिळाली. नामदेव गेले दिंडीतून आणि परत आले पालखीतून. आणि आपण मात्र पन्नास वर्षं त्या दाराबाहेरून गेलो, ते कुणा दुसऱ्यांचं आहे समजून.

इथं एक सल आहे, तोही सांगून टाकतो. नामदेवांच्या घरी जनाबाई होती. गोदाकाठच्याच गंगाखेडची. दळण तिनं केलं, कांडण तिनं केलं, पाणी तिनं भरलं आणि अभंगही तिनं केले. नामदेवांचे शब्द पंजाबात गेले, जनाबाईचे गेले नाहीत. ते आपल्या जात्यावर राहिले. आणि आता जातीही परसात पालथी पडली आहेत. खीवीची खीर ग्रंथात गेली, जनीचं दळण फक्त आपल्या तोंडी आहे. आपण गायलो नाही तर ते संपेल. तुमच्या घरी जात्यावरच्या ओव्या येणारी म्हातारी असेल, तर तिला रेडिओवर आणा. आम्ही रेकॉर्ड करून ठेवू.

होल्याच्या गर्दीत आम्हाला निहंगांच्या बोलीची गंमत कळली. भाजलेल्या हरभऱ्याला ते बदाम म्हणतात, कांद्याला रुपं. एकटा शीख असला तर सव्वा लाख. आणि घरात अन्न संपलं असेल तर म्हणतात, लंगर मस्ताना झाला. जंगलात लपून राहायचे दिवस होते तेव्हाची ही बोली. उपाशीपोटीही मान खाली घालायची नाही, म्हणून हरभऱ्याला बदाम. आमच्या आजींना हे लगेच पटलं. त्यांनी १९७२ चा दुष्काळ काढलेला. खडी फोडायच्या कामावर सुकडी मिळायची, रेशनवर लाल मिलो. त्या म्हणाल्या, "सुकडी खाताना आम्हीपण लेकरायला सांगायचो, लाडूचा चुरा आहे म्हणून. आणि एक सांगते, खडी केंद्रावर सगळे एकाच झाडाखाली बसून खायचे. तेव्हा कोणी पत्रावळी घरून आण म्हणलं नाही. पाऊस पडला, पिकं आली, अन् पंगती परत वेगळ्या झाल्या."

या वाक्यावर आम्ही परतीच्या गाडीत खूप बोललो. भुकेत माणसं एक होतात आणि भरल्या पोटी वेगळी होतात, हे आजींनी पाहिलेलं. लंगराची करामत हीच की, भरल्या पोटीही, सणाच्या दिवशीही, तुपाची खीर असतानाही ओळ एकच ठेवली. नुसतं कुणाच्या चांगुलपणावर सोडलं नाही, रोजची रीत करून टाकली. तिथं सगळंच समान झालंय, असा आमचा दावा नाही. माणसं तिथंही माणसंच असतील. पण रीत असली की वाईट माणसालाही खाली बसावं लागतं. रीत नसली की चांगल्या माणसालाही धीर होत नाही.

आणखी एक गोष्ट मनात राहिली. तख्त साहिबला रोज गोदावरीचं पाणी घागरीतून नेतात. ती सेवा करणाऱ्याला गागरिया सिंघ म्हणतात आणि त्याला मोठा मान असतो. उन्हाळ्यात पैनगंगा आटली की आमच्या गावांत डोक्यावर तीन-तीन हंडे घेऊन बाया मैलभर चालतात. आमच्यातली एक म्हणाली, "पुरुषानं एक घागर उचलली तर सेवा, अन् आम्ही जन्मभर उचलल्या तर काम." आम्ही हसलो, पण त्या हसण्यात थोडं काटेही होते.

तर परत आल्यावर काय झालं, ते सांगतो आणि थांबतो. आमच्या भागातल्या एका गावात चैत्रात सप्ताह होता. आमच्या गटातल्या दोघींचं ते सासर. त्यांनी पंचांना सांगितलं की, यंदा काल्याच्या दिवशी पंगत एकच बसेल, आणि पहिल्या पंगतीत स्वयंपाक करणाऱ्या बाया बसतील, वाढायला गडी राहतील. दोन दिवस घासाघीस झाली. "आजवर असं झालं नाही," हे एकच उत्तर. शेवटी एक पंगत झाली, पण बाया शेवटीच बसल्या. अर्धंच जमलं. आमच्या आजी मात्र त्या दिवशी मांडवाच्या मागं बसल्या नाहीत. त्यांना दोघींनी हाताला धरून आणलं आणि आपल्या दोघींच्या मधे बसवलं. आजूबाजूला चार जण उठून गेले. उठू दिलं. वाढणाऱ्या पोरानं वरण आणलं, आजींनी सवयीनं ताट पुढं केलं नाही, पोळीसाठी दोन्ही हात पुढं केले. पोराला काही कळलं नाही. त्यानं पोळी ओंजळीत ठेवली आणि तो पुढं गेला.

पुढच्या वर्षी काल्याला पुन्हा बोलणार आहोत. तुमच्या गावची पंगत कशी बसते, आधी कोण, शेवटी कोण, ते आम्हाला कळवा. पुढच्या बोलण्यात तेच घेऊ. राम राम.